गेल्या वाटेनं परत यायचं नाही

रविवार, ४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणतो, राग माणसांवर काढू नका, वहीत काढा. रक्तदाब वर गेलाय. वही आणली. पहिली नोंद त्याच्याबद्दलच. शुक्रवारी अकराची वेळ देऊन अकरा वाजून नऊ मिनिटांनी आत बोलावलं. मी रागावलो नाही, फक्त त्याला घड्याळ दाखवलं. मग त्यानं रक्तदाब मोजला. घड्याळ दाखवण्याआधी मोजला असता तर कमी निघाला असता.

आज फेरी क्रमांक एक. 'एमर खोऱ्यातल्या सात गोल फेऱ्या' या माझ्या पुस्तिकेतली पहिली आणि सर्वांत चांगली. (पाचशे प्रती छापल्या. चारशे बारा गॅरेजमध्ये आहेत. बाकीच्या हातोहात संपल्या.) बावीस वर्षं दर रविवारी साडेनऊला चर्चच्या फाटकापासून निघतो. खडूच्या पांढऱ्या दगडाच्या टेकडीवर चढायचं, बीचच्या झाडांच्या राईतून उतरायचं, गिरणीपाशी एमर नदी गाठायची आणि काठाकाठानं परत चर्चपाशी. पावणेसहा मैल. माझं तत्त्व एकच: गेल्या वाटेनं परत यायचं नाही. गेल्या वाटेनं मेंढरं परत येतात आणि बस परत येते. माणसानं गोल पूर्ण करावा.

आज झाला नाही. गिरणीमागच्या फाटकाला कुलूप. नवं, पितळी, माझ्या मुठीएवढं. वर पाटी: खाजगी.

गिरणीमागची ती चारशे पावलंच सगळा गोल जोडतात. त्याच्या पुढचा काठ सगळ्यांचा, मागची टेकडी सगळ्यांची. मधली चारशे पावलं गेली की उरतो मोटाररस्ता. त्याला फुटपाथ नाही. नाहीतर आलात तसे परत जा. बरोबरचे नऊजण निमूट मागे वळले. बर्निस तर म्हणाली, बरं झालं, चढताना पाठीमागे राहिलेलं सगळं आता उतरताना दिसेल. तळपायाची आग मस्तकात गेली. मी एकटा मोटाररस्त्यानं आलो. दुधाच्या टँकरनं कमरेपर्यंत चिखल उडवला. ड्रायव्हरनं हात हलवला. ड्रायव्हिंगच्या परीक्षेत त्याला मीच पास केलं होतं. माझी चूक.

माझी बायको विनी नेहमीसारखी गिरणीपाशी थांबली होती. गुडघा गेल्यापासून टेकडी तिला जमत नाही. शेजारच्यांच्या गाडीतून गिरणीपर्यंत येते आणि शेवटचा सपाट काठ माझ्याबरोबर चालते. आज चहाचा फ्लास्क घेऊन कुलपासमोर उभी होती. म्हणाली, आता काय करायचं रे? मी म्हटलं, लढायचं. ती म्हणाली, चहा निवतोय.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

सगळं त्या मिसेस लँग्रिशचं काम. गिरणीच्या म्हाताऱ्या मिसेस हार्बिन ऑक्टोबरात वारल्या, आणि ही त्यांची भाची लंडनहून येऊन बसली. येऊन चार महिने नाही झाले, लागली नदीला कुलपं घालायला.

तिला पत्र लिहिलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. भाषा संयमी ठेवली. 'दरोडा' हा शब्द फक्त तीनदा.

विनी म्हणाली, एक ओळ लिही आणि संत्र्याच्या मार्मलेडची एक बरणी घेऊन जा. मी म्हटलं, बरणी ज्यांना रीतभात कळते त्यांना. दर जानेवारीत विनी अकरा बरण्या करते आणि त्यातली एक मी स्वतः मिसेस हार्बिनना नेऊन द्यायचो, पत्रासकट. बावीस वर्षांत एकदाही चुकलं नाही. यंदाची बरणी फळीवर तशीच आहे. मी शिष्टाचार पाळणारा माणूस आहे. कुणापुढे हात पसरणारा नाही. हा फरक तिला शिकवावा लागेल.

रविवार, ११ फेब्रुवारी. रात्री ८

पत्राला उत्तर नाही. आज फाटकावरून चढून जायचं ठरवलं. शांतपणे, सनदशीर मार्गानं. एकटाच गेलो. बाकीच्यांना थंडी वाजत होती.

खालच्या दोन दांड्या ठीक. तिसरीवर पँट कुलपात अडकली. ते कुलूप मुद्दाम तसं लावलंय. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, समोर नदीत बगळा. तो मासे सोडून पंचवीस मिनिटं माझ्याकडे बघत होता. या खोऱ्यात कुणालाच कामाची शिस्त नाही.

मग टॉलफ्री आला. नदीचा राखणदार. मासे, काठावरचं गवत, बंधाऱ्याच्या फळ्या, सगळं तोच बघतो. आधी मिसेस हार्बिनकडे होता, आता हिच्याकडे. मालकाच्या जमिनीत ट्रॅक्टर चालवतो, कारण तिथे लायसन्स लागत नाही, आणि लायसन्स मी त्याला पाच वेळा नाकारलं आहे. तीस वर्षं या भागात ड्रायव्हिंगची परीक्षा मी घेत होतो.

त्यानं ट्रॅक्टर बंद केला, पाइप पेटवला आणि म्हणाला, काय टर्विलसाहेब, इथे गाडी उभी करायला मनाई आहे. मी म्हटलं, मला उतरव. तो म्हणाला, उतरवतो की. आधी एवढं सांगा, पाचव्यांदा मला कशापायी नापास केलंत? मी म्हटलं, वळताना आरशात बघितलं नाहीस. तो म्हणाला, बघितलं होतं साहेब, नुसते डोळे फिरवले, मान नाही वळवली. मी म्हटलं, परीक्षकाला मान दिसते, डोळे दिसत नाहीत. त्यानं पाइप फाटकावर ठोकून राख झाडली. मग म्हणाला, खरंय. मलाही इथून तुमचे डोळे दिसत नाहीत, नुसती पँट दिसतेय.

शेवटी सुरीनं पँट कापून सोडवलं. चांगली कॉर्डुरॉयची होती. विनीनं शिवून दिली. शिवताना हसत होती. टाके वाकडे आलेत.

सोमवार, १२ फेब्रुवारी

पाठ धरली आहे. झोपूनच लायब्ररीतलं कायद्याचं पुस्तक वाचलं. सापडलं.

वीस वर्षं लोक एखाद्या वाटेनं चालले की ती वाट कायमची लोकांची होते, मालक कुणीही असो. अटी तीन: जोरजबरदस्ती न करता, लपूनछपून न करता, परवानगी न घेता. आम्ही बावीस वर्षं दिवसाउजेडी, उघड, शिट्ट्या मारत गेलो आहोत. (कालचं फाटक जबरदस्तीत धरता येणार नाही. जबरदस्ती फाटकानं केली.)

मी इतका मोठ्यानं हसलो की विनी वर आली. पुस्तक वाचलं तिनं, चष्मा लावून, दोनदा. मग म्हणाली, क्लेम, तुझी ती पत्रं. मी म्हटलं, पत्रं म्हणजे तर आपला हुकमाचा एक्का, तू काळजी करू नकोस. ती म्हणाली, अरे पण. मी म्हटलं, पाठ दुखतेय, नंतर बोलू.

संकल्प: १) जिल्हा कौन्सिलकडे अर्ज. २) वीस साक्षीदार. ३) दुपारनंतर रागावायचं नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

साक्षीदारांचे फॉर्म घेऊन गावभर फिरलो. प्रत्येकानं लिहून द्यायचं की मी इतकी वर्षं या वाटेनं जातो. सोपं काम.

'थ्री ट्राउट्स'ची हेझेल बिअरचा नळ पुसत म्हणाली, चार वेळा नापास केलंत मला. पाचव्यांदा तुम्ही रजेवर होतात म्हणून पास झाले. मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? ती म्हणाली, तुमचा तेव्हाही असाच प्रश्न असायचा. पोस्टातला म्हणाला, पेन सापडत नाही. पोस्टात. चर्चच्या व्हिकरना मी एकदाच नापास केलं होतं, चौकाच्या गोलात सहा मिनिटं थांबून सगळ्यांना पुढे जाऊ दिलं म्हणून. ते म्हणाले, क्षमा मी केव्हाच केली आहे, सही मात्र विचार करून करीन.

टॉलफ्री म्हणाला, मी त्यांचं मीठ खातो, माझी सही नको. हे मात्र बरोबर बोलला, म्हणून जास्तच राग आला.

दिवसअखेर सह्या तीन. मी, विनी आणि एक गृहस्थ, जे मागच्या मार्चमध्ये इथे राहायला आले.

या लोकांना हक्क नकोतच. यांना भांडायला कारण हवं असतं. मला ही सवय नाही.

शनिवार, २४ फेब्रुवारी

विनी लिंबाचा केक घेऊन 'थ्री ट्राउट्स'मध्ये जाऊन बसली. कोपऱ्यात, गुडघा स्टुलावर. तीन तासांत एकूण सह्या तेवीसवर गेल्या. व्हिकरनी पहिली केली. हेझेलनं तर तारीखवार लिहून दिलं की नवरा गेल्यावर ती एक वर्ष रोज सकाळी त्या काठानं चालायची, कारण घरात थांबवत नव्हतं. मला हे माहीत नव्हतं.

मी आधी जमीन तयार करून ठेवली होती, म्हणून इतकं सहज झालं.

रविवार, ४ मार्च

बर्फ. कुंपण कुठलं, रस्ता कुठला, काही कळत नाही. आज खोऱ्यातली प्रत्येक वाट प्रत्येकाची. आणि दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही.

शनिवार, १७ मार्च

फाईल तयार. तेवीस फॉर्म, नकाशा (माझा), पुस्तिका (माझी), आणि पुरावा क्रमांक एक: निळं फोल्डर. मिसेस हार्बिनना मी दर जानेवारीत लिहिलेल्या पत्रांच्या नकला आणि त्यांची उत्तरं, सालवार लावलेली. खुद्द मालकिणीच्या हस्ताक्षरात बावीस वर्षांचा पुरावा की आम्ही चालत होतो. असा पुरावा कौन्सिलनं जन्मात पाहिला नसेल.

पहिलं पत्र पुन्हा वाचलं. तेव्हाही माझी भाषा किती भारदस्त होती: 'महोदया, आपल्या काठावरून रविवारी जाण्यायेण्याची मुभा मला व खोऱ्यातील समस्त पायी फिरणाऱ्यांना आपण द्यावी, अशी नम्र विनंती. सोबत बरणी.' उत्तर कार्डावर, वर ट्राउट माशाचं चित्र: 'अवश्य. या वर्षापुरती सर्वांना मुभा आहे. मार्मलेड छान, जरासं कडू.' पुढची एकवीसही तशीच. मी मुभा मागायचो, त्या द्यायच्या, दोघंही रीत सोडत नव्हतो. 'विनंती' हा नुसता शिष्टाचाराचा शब्द आहे. त्यात विनंती काही नसते.

विनी म्हणाली, हे फोल्डर देऊ नकोस. मी म्हटलं, का? ती म्हणाली, तिसरी अट पुन्हा वाच. मी म्हटलं, मी पाठ केली आहे. ज्याचं नाणं खरं, त्यानं काही लपवावं कशाला? नंतर फोल्डर जागेवर नव्हतं. पावाच्या डब्यात सापडलं. बायकांना कायद्यातलं कळत नाही असं मी म्हणणार नाही. मागे म्हणालो होतो तेव्हा दोन दिवस थंड हॅम खावं लागलं.

पोस्टात स्वतः जाऊन फाईल दिली. पोस्टातल्याला आज पेन सापडलं.

शनिवार, २१ एप्रिल

कौन्सिलचं उत्तर नाही. मिसेस लँग्रिश बेकरीत भेटली. रबरी बूट, पण नवे. स्वतःहून बोलायला आली. म्हणाली, मिस्टर टर्विल, तुमचं पत्र मिळालं, मला भीती वाटली. कुलूप मी घातलं ते एक जण रोज दोन कुत्री नदीत सोडायचा म्हणून. मासे अंडी घालतात त्या वाळूत नाचायची. नुसतं येऊन विचारलं असतंत, तर तुम्हाला किल्ली दिली असती.

मी म्हटलं, बाई, आम्ही टर्विल कुणाला विचारत नसतो.

विनी पाव मोजत होती. तिला अचानक खोकला आला.

रविवार, १३ मे

मोटाररस्त्यानं फेरी. बरोबर कुणी नाही. टोपी ट्रकखाली गेली. बाकीचे सगळे टेकडीवर जाऊन गेल्या वाटेनं परत येतात आणि त्याला फिरणं म्हणतात. विनी रविवारी घरीच असते. शब्दकोडं सोडवते. मी तिला सांगितलं, जूनमध्ये कौन्सिलचा निकाल लागला की तू पहिली त्या फाटकातून जाशील, मी स्वतः उघडीन. ती म्हणाली, बरं.

गुरुवार, १४ जून

डॉक्टरनं सांगितलंय सगळं लिहायचं. लिहितो.

संध्याकाळी गावच्या हॉलमध्ये सभा. कौन्सिलच्या मिस ऑक्टन आल्या होत्या, लहानखुऱ्या, सौम्य. चाळीसेक माणसं. मिसेस लँग्रिश मागच्या बाकावर, तिच्याशेजारी टॉलफ्री, हातात टोपी. मी नवा टाय लावला होता. मनात छोटं भाषण तयार होतं, विजयानंतरचं, उदार.

मिस ऑक्टन म्हणाल्या, तेवीस साक्षी मिळाल्या, इतक्या चांगल्या साक्षी क्वचित येतात. त्यांनी हेझेलचं नाव घेतलं. हेझेल खाली बघत होती. मग त्या म्हणाल्या, एवढ्याच असत्या तर वाट मिळाली असती असं मला वाटतं. मी म्हटलं, आणखी आहे, पुरावा क्रमांक एक. त्या म्हणाल्या, हो, त्याबद्दलच बोलायचंय, मिस्टर टर्विल.

त्यांनी माझं पहिलं पत्र वाचलं. मोठ्यानं. मग कार्ड वाचलं. मग दुसरं, तिसरं. पाचव्या कार्डाला मला ऐकू येईनासं झालं. नंतर त्यांनी समजावून सांगितलं, अगदी हळू, जसं मी परीक्षेत कच्च्या उमेदवारांना सांगायचो. वाट हक्कानं वापरली असेल तर ती लोकांची होते. परवानगीनं वापरली तर शंभर वर्षं गेली तरी होत नाही. इथे परवानगी मागितलेली आहे, दिलेली आहे, दर वर्षी नव्यानं. मी म्हटलं, माझी मागितली असेल, या बाकीच्यांनी कुठे मागितली? त्या म्हणाल्या, त्यांच्या वतीनं तुम्ही मागितलीत. 'समस्त पायी फिरणाऱ्यांना.' बावीसही पत्रांत आहे.

हात दाखवून अवलक्षण. बाहेरच्या कुणाला ती पत्रं ठाऊकच नव्हती. मिसेस लँग्रिशला नव्हती. मीच नेऊन दिली, सालवार लावून.

लोक उठले. खुर्च्या सरकवल्या, कोट घातले. हेझेल जाताना थांबली. म्हणाली, आधी एकेकाला नापास करायचात. आज एकदम सगळ्या गावाला केलंत. बर्निसला माझ्याकडे बघवेना.

टॉलफ्री दारात उभा होता. मला वाटलं हसेल. हसला नाही. म्हणाला, आरशात बघितलं नाहीत, साहेब.

शुक्रवार, १५ जून

१) कायदा मूर्ख आहे. २) मिसेस हार्बिननी उत्तर द्यायलाच नको होतं. सभ्य माणसं बरणी घेतात आणि गप्प बसतात. ३) मार्मलेड नसतं तर पत्र नसतं. म्हणजे मूळ मार्मलेडमध्ये आहे. ४) मिस ऑक्टननी मोठ्यानं वाचायची गरज नव्हती.

हे सगळं विनीला वाचून दाखवलं. चौथ्या मुद्द्याला तिनं शब्दकोडं खाली ठेवलं. म्हणाली, क्लेम, मला रविवारची ती चारशे पावलं हवी होती. तत्त्व नको होतं.

शांतपणे म्हणाली. ओरडली असती तर माझ्याकडे उत्तर होतं.

रविवार, १ जुलै

फाटकाचं कुलूप काढलं आहे. नवी पाटी. लिहून आणली, शब्दशः: 'मालकाच्या परवानगीनं ही वाट सर्वांना खुली. हक्क समजू नये. कुत्री दोरीनं बांधावीत. दर वर्षी जानेवारीच्या तिसऱ्या मंगळवारी वाट बंद राहील.'

हे झालं कसं, तर विनी गुरुवारी गिरणीवर गेली होती. फळीवरची बरणी घेऊन. तिथे बसून चहा प्याली आणि विचारलं. एका ओळीत. मला आज कळलं.

परवानगी. मेहेरबानी. भीक. ज्या वाटेसाठी मी पाच महिने रक्त आटवलं ती एका बरणीवर. विनी म्हणाली, तू बावीस वर्षं तेच करत होतास ना? मी म्हटलं, ते वेगळं. कसं वेगळं ते तिनं विचारलं. ते लिहायला ही वही पुरणार नाही.

संकल्प, अखेरचा: त्या वाटेवर क्लेमंट टर्विल पाऊल ठेवणार नाही. जिवंतपणी नाही.

रविवार, १५ जुलै

सगळे गेले. विनीसुद्धा. दार लोटताना म्हणाली, येतोस? मी पेपर वाचत होतो. पेपर कालचा होता.

रविवार, २ सप्टेंबर

टेकडीवर एकटा चढलो. वर गवतात बसलं की खालचा काठ पूर्ण दिसतो. पाणी इतकं स्वच्छ की वरूनही तळाचे दगड कळतात. पावणेबाराला ते गिरणीपाशी आले. विनीची निळी टोपी सर्वांत मागे. फाटक हेझेलनं धरून ठेवलं. मग टॉलफ्रीनं विनीला हात दिला, बंधाऱ्याच्या फळीवरून जाताना. तो मीच द्यायचो. रविवारी त्याला सुट्टी असते. सुट्टीच्या दिवशी माणसानं घरी बसावं.

मी घड्याळ लावलं होतं. चारशे पावलांना तिला सव्वीस मिनिटं लागली. दोनदा थांबली, एकदा खंड्या दिसला असावा, कारण सगळे बोट दाखवत होते. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

डोळ्यांत खडूची धूळ गेली. कोरडा उन्हाळा आहे.

रविवार, ११ नोव्हेंबर

पाऊस. फिरणं नाही. गॅरेजमधल्या पुस्तिका मोजल्या. चारशे बारा. पान चारवर 'येथून हक्काच्या वाटेनं' असं छापलंय. चारशे बारा ठिकाणी पेनानं खोडायला हवं. नव्वदपर्यंत झालं. बाकीचं उद्या. टॉलफ्रीचा निरोप आला हेझेलकडून, की तो सहाव्यांदा परीक्षेला बसला आणि पास झाला. नवीन परीक्षक बाई आहे. मान वळवली म्हणे त्यानं, सारखी, दोन्हीकडे. मी म्हटलं, मीच शिकवलं त्याला.

रविवार, १३ जानेवारी

मार्मलेड झालं. अकरा बरण्या. विनीनं एका बरणीला 'गिरणी' अशी चिठ्ठी लावली आणि माझ्यासमोर ठेवली. मी तिकडे जाणार नाही हे तिला माहीत आहे.

मंगळवार, १५ जानेवारी. दुपारी ३

आज गेलो. मुद्दाम मंगळवारी, म्हणजे कुणी बघायला नको. बेत असा: टेकडीवरून उतरायचं, बरणी दारात ठेवायची, काठानं चर्चपाशी यायचं. संकल्प मोडला असं होत नाही, कारण साक्षीदार नाही.

पत्र काल लिहून ठेवलं होतं. 'महोदया, आपल्या काठावरून रविवारी जाण्याची मुभा मला व' इथपर्यंत हात सवयीनं गेला. 'समस्त' लिहिलं. खोडलं. 'मला व माझ्या पत्नीला यंदाही द्यावी. सोबत बरणी.' इतकंच.

फाटकाला साखळी. वर पुठ्ठा: आज बंद. जानेवारीतला तिसरा मंगळवार. पाटी मी स्वतः उतरवून घेतली होती, या वहीतच आहे.

मिसेस लँग्रिशनं खिडकीतून बघितलं आणि बाहेर आली. बूट आता जुने दिसतात. तिथेच बरणी उघडून बोटानं चाखली. म्हणाली, छान आहे, जरासं कडू. मग पत्र वाचलं आणि म्हणाली, अवश्य. या ना, मी साखळी काढते, एवढ्या थंडीत परत टेकडी कुठे चढता? कोण बघतंय?

मी म्हटलं, काढू नका. ती म्हणाली, अहो, एक माणूस गेला तर काय होतं? मी तिला सांगितलं काय होतं. वर्षातून एक दिवस वाट खरोखर बंद ठेवली तरच मालकाचा ताबा टिकतो. त्याच दिवशी एखाद्याला सोडलंत, आणि ते कुणी लिहून ठेवलं, तर वीस वर्षांनी एखादा फाईल घेऊन तुमच्या दारात उभा राहील. अशी माणसं असतात. साखळीचा आकडाही उलटा बसवला होता टॉलफ्रीनं. तो नीट करून दिला. ओढून बघितला. आता पक्का आहे.

ती म्हणाली, थँक यू, मिस्टर टर्विल. मी म्हटलं, त्यात काय.

मग गेलो त्याच वाटेनं परत आलो. माथ्यावरून चर्चकडे उतरताना मान वर केली तर सगळं खोरं समोर, नदीचा अख्खा विळखा, गिरणी, चर्च, आमच्या स्वयंपाकघराचा धूर. बावीस वर्षं त्याच्याकडे पाठ करून चढत होतो. बर्निस म्हणाली होती ते खरं निघालं. तिला सांगणार नाही.

विनीनं विचारलं, काठानं आलास? म्हटलं, आज बंद आहे. ती म्हणाली, माहीत होतं मला, पण तू निघालास ते बघून बोलले नाही. मग म्हणाली, रविवारी पावणेबाराला मी गिरणीपाशी असते. फ्लास्क घेऊन.

म्हटलं, येईन. परवानगी आहे.